तरीही चालवा

पस्तीस हजार दोनशे किलोचा ट्रक
राईस मिलच्या काट्यावर चढला
आणि पडद्यावर उमटलं:
उणे तीस हजार तीनशे छत्तीस.
ड्रायव्हर म्हणाला, म्हंजे आता मीच तुमचं देणं लागतो का जी?

चूक काट्याची नव्हती.
डोमाजी निकुऱ्यांनी हा प्रोग्राम लिहिला तेव्हा
सिंदेवाहीच्या रस्त्यावर दहा चाकांहून मोठं काही येत नसे.
आकड्यासाठी त्यांनी ठेवलेली कोठी
बत्तीस हजार सातशे सदुसष्टला गच्च भरते,
पुढचा एक दाणा पडला की तळातून उणे सुरू.
डोमाजी गेले. त्यांचा कंपायलर फ्लॉपीत,
फ्लॉपीवर बुरशी.
कोडच्या कडेला त्यांची एक टीप तेवढी राहिली:
इथं हात लावू नोको बापू, पोतं फुटन.

नवा कंपायलर मिळाला तो कुणा 'क.'चा.
मूळ मंडळी नुसता सोर्स देतात,
विंडोजसाठी हा क. घरी बसून तो बांधतो, फुकट,
कोणी नेमलेलं नसताना.
आमचा कवडू मांदाडे असाच डीपीवर चढतो,
वीज कंपनीच्या एकाही रजिस्टरात त्याचं नाव नाही
आणि गावात उजेड आहे.

मोबाइल तुसाच्या ढिगावर ठेवला, तिथंच काय ती रेंज.
दीडशे एमबीला अडीच तास.
मग चौसष्ट अक्षरं जुळवायची होती,
फाइल वाटेत सांडली नाही ना, एवढ्यासाठी.
पोती शिवायचं थांबवून पंचफुला गुरनुले आली,
सातवी पास, दाभण अजून हातातच.
ती मोबाइलवरून वाचायची, मी पडद्यावर बोट ठेवायचो:
सात. एफ. शून्य. शून्य. बी.
एकोणिसाव्याला मी डुलकलो,
एक्केचाळिसाव्याला तिनं डी म्हटलं
आणि माझ्या बोटाखाली तीन होता.
"सांडली," ती म्हणाली, आणि परत पोत्यांकडं गेली.
पुन्हा अडीच तास.

दुसऱ्यांदा जुळलं.
तर विंडोज आडवं: प्रकाशक अनोळखी.
'अधिक माहिती' दाबल्यावर खाली, लाजत,
एक बटण निघालं: तरीही चालवा.
मी ते बराच वेळ बघत बसलो.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, कुलरमध्ये पाणी नाही,
वाळत घातलेल्या मोहाचा वास खिडकीतून आत.
तरीही. चालवा.

चालला, आणि पहिल्याच ओळीला अडला.
भाच्यानं हौसेनं या संगणकाला
देवनागरीत नाव दिलेलं,
त्यामुळं तात्पुरत्या फाइलींचा रस्ता आमच्या नावावरून जातो.
कंपायलरला तिथं दिसतात नुसती प्रश्नचिन्हं,
ओळीनं अकरा.
राग आला. मग सी ड्राइव्हच्या अंगणात
टी नावाचं एकाक्षरी फोल्डर काढून दिलं,
जा बाबा, इथं मांड तुझा पसारा.

मग clrscr सापडेना. पडदा पुसायचं ते जुनं फडकं
नव्या घरात कुणी आणलंच नव्हतं.
मी ती ओळ काढून टाकली.
न पुसलेल्या पडद्यावरही वजन दिसतंच.
काट्याच्या तारेशी बोलणाऱ्या वीसेक ओळी
सगळ्या नव्यानं लिहिल्या,
डोमाजींच्या टिपेला मात्र हात लावला नाही.

रात्री सव्वानऊला तो बांधला गेला.
चौदा इशारे. मी तीन वाचले.

ट्रक नव्हता म्हणून पंचफुला काट्यावर उभी राहिली.
पन्नास.
"माह्यं पंचेचाळीस हाय."
हा काटा दहाच्या खाली बोलत नाही, मी म्हटलं.
"मंग आजवर ट्रकवाल्यांचे किती पाच-पाच गेले?"
याला कंपायलरकडं उत्तर नव्हतं,
माझ्याकडंही नव्हतं.

सकाळी तोच ड्रायव्हर,
रात्रभर धाब्यावर झोपलेला.
पस्तीस हजार दोनशे. पुढं काही चिन्ह नाही.
त्यानं पावती उजेडाला धरून पाहिली, दोनदा,
घडी करून टपावरच्या देवाखाली ठेवली.

क.ला काय कळवावं?
डोमाजींच्या टिपेखाली मी एक ओळ लिहिली:
हात लावला. पोतं फुटलं नाही.
अजून तरी.